आठव्या मिनिटाचा दिवा

मंगळवारी सकाळी साडेआठला जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली. योगराजने खिडकीजवळची जागा पकडली, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतली आणि रुमालाने कपाळ पुसतो न पुसतो तोच जितेंद्रचा फोन आला. जितेंद्र म्हणजे कंपनीचा मालक आणि कॉलेजातला एका बाकावरचा मित्र, त्यामुळे त्याच्या आवाजातलं काय खरं आणि काय वरवरचं ते योगराजला सवयीने कळायचं. "काही विशेष नाही रे," जितेंद्र म्हणाला, आणि योगराज सावरून बसला, कारण विशेष काही नसताना हा माणूस सकाळी फोन करत नाही. "सावद्याला तो भटू आहे ना, केळी पिकवायच्या खोलीतला, तो पहाटे आत चक्कर येऊन पडला. बाहेर ओढलं, पाणी मारलं, बसलाय आता उठून. परवा त्यांच्या घरी कानबाई बसली होती, देवीचं रात्रभर जागरण, गाणी. झोप नाही तर चक्कर येणारच. तिथले शेठच हसत होते. तू धुळ्याला उगाच विषय काढू नकोस, एवढंच." योगराज बरं म्हणाला. गाडी हलली. आकाशवाणी चौक मागे पडेपर्यंत तो त्या 'बरं'कडेच बघत होता, आणि मग न राहवून त्याने भटूचा नंबर लावला. भटूचा आवाज नेहमीसारखाच नम्र होता, फक्त खाली बसलेला. "मी बरा शे भाऊ. डोयासपुढे अंधारी उनी, बस." मग जरा थांबून, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगायचं म्हणून तो म्हणाला, "दिवा हिरवा व्हता, भाऊ. मी दिवा देखीसनच मझार गऊ."

दिवा हिरवा होता. भटू तो बघूनच आत गेला होता. योगराजने फोन खिशात टाकला आणि स्वतःला समजावलं, की दिवा हिरवा होता म्हणजे खोलीतली हवा बदललेली होती, म्हणजे चक्कर जागरणाची. हिशेब सरळ होता. तरी त्याचं समाधान होईना. केळी पिकवायची खोली म्हणजे चारी बाजूंनी बंद, थंड कोठडी. आत घडांचे क्रेट छतापर्यंत रचलेले. पिकवायचा वायू सोडला की फळ पिकायला लागतं, आणि पिकता पिकता ते श्वास घेतं, माणसासारखाच. आतली चांगली हवा संपते, घाणेरडी साठते. म्हणून दार उघडण्याआधी पंखा लावून खोली धुवून काढावी लागते. पूर्वी हे सगळं अंदाजाने चालायचं. आता ते एका डब्यातली चिप करते, आणि त्या चिपच्या डोक्यात काय भरायचं ते योगराज ठरवतो. आठ वर्षं हेच काम, आणि आठ वर्षांत कोणी त्याचं नाव घेऊन बोट दाखवलं नव्हतं.

नाव झालं ते गेल्या उन्हाळ्यात, त्या कंपायलरमुळे. जुनी चिप बाजारातून गायब झाली आणि जितेंद्रने कुठूनशी दुसरी आणली, नाव कोणी न ऐकलेलं, आणि तिच्यासोबत तिचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा दुभाषा. असला आडमुठा दुभाषा योगराजने जन्मात पाहिला नव्हता. फाइलीचं नाव आठ अक्षरांपेक्षा लांब असलं की उरलेलं कापून टाकायचा. तयार झालेला माल सांगितलेल्या जागी न ठेवता जिथे उभा असेल तिथेच टाकायचा. कामात चूक झाली तरी 'सगळं ठीक' असा निरोप घेऊन परत यायचा, त्यामुळे चूक पकडायला त्याच्या बडबडीतला शब्दन् शब्द चाळावा लागे. लायसनची किल्ली एकच, एका वेळी एकच फाइल, आणि सगळा प्रोग्राम मुळापासून बांधायचा तर दीड तास. पण याहून मोठी खोड वेगळीच होती. कंपनीची सगळी बांधणी मेकफाइलवर चालायची. मेकफाइल म्हणजे एक यादी: अमुक वस्तू तमुक वस्तूंपासून बनते. तिला अक्कल नाही, तिला फक्त तारखा कळतात. मूळ वस्तू नवी आणि तयार माल जुना दिसला, तर तेवढाच माल ती पुन्हा बनवून घेते, बाकीच्याला हात लावत नाही. जुना कंपायलर प्रत्येक फाइल उतरवताना आपण कुठल्या कुठल्या फाइलींमध्ये डोकावलो ते आपणहून लिहून द्यायचा, यादी आपोआप पुरी व्हायची. नवा याबाबतीत मुका. तेव्हा योगराजने पंधरा दिवस खपून ती यादी हाताने लिहिली, चाळीस फाइलींची, कोण कोणावर अवलंबून ते एकेक तपासून. शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा जितेंद्रने पेढे आणले. "हे जनावर फक्त योग्याने नांगराला लावलं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. योगराज मान खाली घालून हसायचा, पण सुखावायचा. आणि त्याने मनाशी ठरवलं होतं, की आता या यादीला हात लावायचा नाही.

एरंडोलला शेजारी एक धोतरवाले आबा येऊन बसले. गाडी सुटताच त्यांनी कनवटीची चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने सावकाश मळायला लागले. तो उग्र वास योगराजच्या नाकात शिरला आणि त्याला सावद्याची ती खोली आठवली. डबा बसवायच्या आधी तो तिथे माप घ्यायला गेला होता तेव्हाची. भटू दार सताड उघडं टाकून ओट्यावर बसला होता आणि असाच तंबाखू मळत होता. आत का जात नाहीस, असं विचारलं तर भटूने दोन बोटं दाखवली. दोन बार तंबाखू. पहिला बार भरायचा, चघळायचा, थुंकायचा. मग दुसरा. तो संपला की आत. कोणी सांगितलं? कोणीच नाही. आधीचा माणूस असंच करायचा, त्याच्या आधीचाही. मग भटू जरा ओशाळून म्हणाला होता, "भाऊ, तुमना डबाले एखादा दिवा लाई द्या ना. मझार कव्हय जावानं ते समजी. ह्या तंबाखूना भरोसा कितला ठेवाना?" भटू शिंदखेड्याकडचा, योगराजच्या आईच्या बाजूचा. पोट भरायला तो सावद्याला आलेला, आणि त्याच्या तोंडची अहिराणी ऐकली की योगराजला आई बोलल्यासारखं वाटायचं.

आईने, कमलबाईने, दिवा सोडलेला त्याने लहानपणी पाहिला होता. आजोळी अंगणात ज्वारीचं पेव होतं, जमिनीच्या पोटातलं कोठार. वर्षाने तोंड उघडलं की आतून आंबूस वाफ यायची. त्या वाफेने शेजारच्या गावात एक माणूस आतच राहिला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून आई आधी कंदील पेटवून दोरीने खाली सोडायची. ज्योत बारीक झाली की दोरी वर. पुन्हा तासाभराने. ज्योत खालपर्यंत तशीच ताठ राहिली की मग शिडी. आणि शिडीवर पहिला पाय तिचा. मामा म्हणायचे, मी उतरतो, अक्का. ती ऐकायची नाही. "जो दिवा सोडी तोच पहिले उतरी," एवढंच म्हणायची आणि पदर खोचायची. योगराज वर उभा राहून त्या काळ्या तोंडाकडे बघत राहायचा, आईचं डोकं दिसेनासं झालं की त्याला रडू यायचं, आणि खालून तिचा आवाज आला की लाज वाटायची. भटूने दिवा मागितला त्या संध्याकाळी हे सगळं एकदम वर आलं होतं. सांगितलेल्या कामात दिवा नव्हता, जितेंद्रला विचारलंही नव्हतं. त्याने आपल्या खुशीने एक नवी फाइल लिहिली, बारा-पंधरा ओळींची: पंखा ठरल्या मिनिटांइतका चालला की हिरवा दिवा लाव. वर्कशॉपमधल्या लहान खोलीत तो दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा त्याला खरोखर आनंद झाला होता. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिला दाखवावंसं वाटलं होतं.

आबांनी पहिला बार भरला आणि खिडकीकडे सरकून बसायची खूण केली, थुंकायला. योगराज सरकला. एक विचार मात्र जागचा हलेना. तीन आठवडे डबा चालू आहे, तीन आठवडे भटू रोज आत जातोय, मग आजच का? त्याने पुन्हा फोन लावला.

"भटू, एक विचारू? आज आत जायच्या आधी तंबाखू खाल्ली होती?"

"नही भाऊ. घरमा कानबाईना परसादना रोट शेतस. रोट सरतस तोपावत मी तंबाखूले हात लावत नही." मग घाबरून, "काबरं भाऊ? काही चुकनं का मनं?"

"आणि रोज? दिवा लागल्यावर?"

"सवय शे ना भाऊ. दिवा लागस, मंग मी दोन बार खास, आनि मंग जास. आज बार नव्हता, ते दिवा लागताच गऊ." तो थांबला. "लोके म्हनतस, कानबाई रागावनी. बायकोबी रडी ऱ्हायनी. रोटना दिनमा असं व्हवाले नको व्हतं. सेठ म्हने, तू आते थकना, गावले जाय."

योगराजने फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. फाइलींच्या तारखा काढल्या. पंखा किती मिनिटं चालवायचा तो आकडा एका छोट्या हेडर फाइलीत होता. तिच्यात नुसते आकडेच होते आणि पंख्याची फाइल, दिव्याची फाइल, सगळ्या तिच्यातच डोकावायच्या. वर्कशॉपच्या लहान खोलीला आठ मिनिटं पुरायची. सावदा आणि धुळ्याच्या मोठ्या खोल्यांना वीस लागणार, म्हणून त्याने तो आकडा बदलला होता. तारीख, नऊ जुलै. पंख्याचा तयार माल, नऊ जुलै. दिव्याचा तयार माल, तीन जुलै. तो बघत राहिला. तीन जुलै. मेकफाइलची यादी उघडली. चाळीस ओळी. दिव्याची फाइल एक्केचाळिसावी होती; फोल्डरमधली म्हणून ती आपोआप जोडली जायची, पण ती कशावर अवलंबून आहे ती ओळ यादीत नव्हती. यादी पुरी झाल्यावर दिवा आला होता, आणि यादीला हात लावायचा नाही असं त्याने ठरवलेलं होतं. आकडा बदलला तेव्हा दिवाही त्याच आकड्यावर चालतो हे मेकफाइलला कोणी सांगितलंच नाही. तिने जुनाच दिवा उचलून नव्या प्रोग्रामात जोडला. पंखा वीस मिनिटांचा, दिवा आठ मिनिटांचा. सगळं पुसून मुळापासून बांधलं असतं तर चूक आपोआप निघून गेली असती. पण दीड तास कोण थांबणार, गाडी दाराशी उभी होती, आणि तो स्वतःच म्हणाला होता, "गरज नाही, मेकफाइलला सगळं कळतं."

कानबाई रागावली नव्हती. जागरण नव्हतं, थकवा नव्हता. एक ओळ नव्हती. आणि तीन आठवडे एका माणसाला दोन बार तंबाखूने वाचवलं होतं.

पारोळा आलं, गेलं. धुळ्याला तोच डबा, तोच प्रोग्राम. मागच्या आठवड्यात त्यानेच बसवलेला. काल पहिल्यांदा वायू सोडला आणि आज दुपारी बाराला पहिल्यांदा दार उघडायचं होतं. नारळ फुटणार होता, त्याचसाठी तो निघाला होता. तिथली मुकादम वच्छलाबाई, पन्नाशी उलटलेली, सगळ्यांच्या आधी आत जाऊन घड बघणारी. डबा बसवताना त्याने तिलाच शिकवलं होतं: दिवा हिरवा झाला की बिनधास्त आत जायचं, मावशी. ती हसून म्हणाली होती, "तू सांगस म्हनजे जासू भाऊ." बाराला अजून अवकाश होता. तो साडेअकराला पोहोचेल. आणि इथे, सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, त्याचं मन फार चपळाईने कामाला लागलं. फोन कशाला? पोहोचायचं, दाराशी उभं राहायचं. आठव्या मिनिटाला दिवा लागला की काहीतरी बोलणं काढायचं, फोटो काढू, शेठना येऊ द्या, असं म्हणत बारा मिनिटं ढकलायची. रात्री जळगावला जाऊन सगळं नव्याने बांधायचं आणि उद्या दोन्हीकडे गुपचूप बदलून टाकायचं, सुधारणा केली म्हणून. कोणाला कळायचं कारण नाही. जितेंद्रचं नाव राहील, त्याचं राहील. भटूचं काय, तर भटू बरा आहे. भटू गावी गेला तर गेला, त्याला शेती आहे थोडी. इतकं सगळं त्याने दोन मैलांत उरकलं आणि मग त्याला स्वतःची किळस आली, पण फोन काही त्याने काढला नाही. तो तसाच बसून राहिला, जणू किळस आली म्हणजे अर्धं काम झालं.

गाडी थांबली. पुढे कंटेनर आडवा झाला होता, दोन्ही बाजूंनी रांग लागली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आबा म्हणाले, "आते दोन तास गये," आणि शांतपणे दुसरा बार मळायला घेतला. योगराजने घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, पावसाने हिरवागार, आणि गाडीत कोणाचं तरी मूल रडत होतं. पोहोचणार नाही, हे त्याला कळलं. आता तरी फोन करावाच लागणार होता, आणि इतका वेळ आपण तो केला नाही हे आयुष्यभर आपल्यापाशी राहणार, हेही कळलं. त्याने धुळ्याच्या सुपरवायझरला, नवलला, फोन लावला.

"अहो साहेब, कुठे आहात? आमचे शेठ लवकर आले, मुहूर्त अलीकडे घेतला. पंखा लावलाय."

"किती वेळ झाला?"

"झाली असतील सहा-सात मिनिटं. दिवा लागला की वच्छलामावशी नारळ घेऊन..."

"आत सोडू नका तिला!" योगराज ओरडला. सगळी गाडी वळून बघायला लागली. "दिवा खोटा आहे! नवल, दिवा खोटा आहे, ऐकताय का? दाराशी उभे राहा तुम्ही!"

पलीकडे नुसता गलका. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "लागला बघा, लागला," असं कोणीतरी म्हणालं. मग नवलचा आवाज, दुरून, "ओ मावशी, थांबा, थांबा जरा!" आणि मग काहीच नाही. योगराज उभा राहिला होता. बॅग मांडीवरून खाली पडली, ती आबांनी उचलून धरली. त्याला पेवाचं काळं तोंड दिसत होतं आणि खालून आवाज येत नव्हता. किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं.

"कोन, भाऊ का?" वच्छलाबाईचा आवाज आला. "काय झाये? मी उंबरठावर पाय ठेवेल व्हता."

योगराज सीटवर बसला. "मावशी, तो दिवा मी केलाय. माझी चूक झालीय त्याच्यात. तो लवकर लागतो. त्याच्यावर जायचं नाही."

मागे शेठ काहीतरी चिडून विचारत होते. "मंग मी कव्हय जाऊ मझार?" तिने साधं विचारलं.

वीस मिनिटं, पंखा बंद होईपर्यंत, हे योगराज सांगणारच होता. पण आपल्या आकड्यावर तिने का विश्वास ठेवावा? "मावशी, तुम्ही तंबाखू खाता?"

"मिसरी लावस मी."

"दोनदा लावा. निवांत. पंखा बंद झाल्यावर, दार उघडं टाकून. मग जा. आणि त्या दिव्यावर नवलला कागद चिकटवायला सांगा."

ती हसली. हसण्यासारखं त्यात काही नाही हे बहुधा तिलाही कळलं असावं, पण हसली, आणि योगराजच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो गाडीतून उतरला. रस्त्याच्या कडेला पाणी साचलं होतं. त्याच्या कडेकडेने तो कापसाच्या बांधापर्यंत गेला. फोनवर जितेंद्रचं नाव येत होतं, पुन्हा पुन्हा. धुळ्याची बातमी पोहोचली असणार. त्याने तो वाजू दिला आणि वाजायचा थांबल्यावर भटूला लावला. या वेळी त्याने मराठी सोडली, आईची भाषा धरली. "भटू, कानबाई रागावनी नही. तू थकेलबी नही. दिवामा मनी चूक व्हती. तो आठ मिनिटमा लागे, वीसमा लागाले पाहिजे व्हता."

मागे भांड्यांचा आवाज आला, कोणी बाई काही विचारत होती.

"मी मांगेल व्हता हाऊ दिवा," भटू म्हणाला.

"तू बरोबर मांगा. मी चुकाडा."

योगराज वाट बघत होता, की भटू आता म्हणेल, जाऊ द्या भाऊ, होतं असं. भटूसारखी माणसं असंच म्हणतात, आणि ते ऐकायची त्याला घाणेरडी अशी ओढ लागली होती. भटूने ते म्हटलं नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "सेठले तुमीन सांगा. मी सांगं ते मनावर कोनी भरोसा करनार नही."

"सांगस."

"आतेच सांगा."

भटूने फोन ठेवला नाही. योगराजनेच ठेवला. सावद्याच्या शेठचा नंबर काढला आणि लावला. रिंग जात होती. जो दिवा सोडी, एवढंच त्याला आठवलं, पुढचं आठवायच्या आत पलीकडून मोठ्या खुशीत आवाज आला, "बोला साहेब! धुळ्याचा नारळ फुटला का?" योगराजने आधी भटूचं नाव घेतलं आणि मग आपलं.